साहेबासाठी रिकामी ठेवलेली बोट

बोटीने हे गाव पंचवीस मिनिटांवर होतं. समोरच्या बंदरातून दोर सुटला की शेजारच्या बाईने आपल्या सुनेच्या तक्रारी सांगायला घ्याव्यात, दोन सांगून व्हाव्यात, तिसरी तोंडात असतानाच धक्का लागावा, एवढंच अंतर. आता खाडीला सगळा वळसा घालून बस साडेचार तास घेते, आणि तीही गावात येत नाही. फाट्यावर सोडते. पुढे पाच किलोमीटर तुमचे पाय आणि देवाची इच्छा.

कप्तान फाट्यावर उतरला तेव्हा साडेदहा वाजले होते. बोट जाऊन नऊ वर्षं झाली, नोकरी संपूनही तीन झाली, पण कप्तान हे नाव काही अंगावरून उतरलं नव्हतं. बायको होती तोवर तीसुद्धा भांडताना त्याला कप्तानच म्हणायची. परतीची बस चारला. तेवढ्या वेळात गावात जायचं, धाकट्या बहिणीला घ्यायचं आणि फाट्यावर परत यायचं. सोपं काम होतं. बसमध्ये साडेचार तास तो स्वतःला हेच सांगत आला होता.

फाट्याचा रस्ता सरळ गावाच्या पाठीत शिरतो. कप्तानाने आयुष्यभर गाव समोरून पाहिलेलं. पाण्यावरून येताना आधी धक्का दिसायचा, मग तिकिटाची खिडकी, हॉटेलचा निळा पत्रा आणि वर चढत गेलेली रंगीत दारं. प्रत्येक घराने तोंड पाण्याकडे केलेलं, कारण पाहुणा, पत्र, औषध, नवी सून, जे काही यायचं ते पाण्यावरूनच यायचं. रस्त्याकडे होत्या त्या मोऱ्या, फुटक्या बादल्या, शेवाळलेल्या भिंती आणि कुणी बघणार नाही या भरवशावर वाळत टाकलेले फाटके कपडे. ज्या माणसाला गावाने उभा जन्म हसतमुखाने समोरून घेतलं, तो आज मोऱ्या ओलांडत आत शिरत होता. दर दोन घरांआड एक कुलूप होतं, आणि खाऱ्या वाऱ्याने त्या कुलपांचं गंजून ढेकूळ झालेलं. किल्ली असती तरी उघडली नसती.

नऊ वर्षांत तो एकदाही आला नव्हता. कारणं होती. कारणांचं काय, ती देव प्रत्येकाला पोटभर देतो.

पहिल्या वळणावर जाळीवाली भेटली. हिच्या हातून न सांधलेलं जाळं गावात नव्हतं. आता कुणी जाळी सांधायला आणत नव्हतं, तरी ती पायरीवर बसून जुनीच जाळी उसवून परत विणत होती. तिने मान वर केली आणि हातातली सुई टाकून उठली.

"अगं बाई! कप्तान! अरे, कप्तान आला रे!" तिने त्याचे दोन्ही हात धरले. "किती वाळलास! जेवायला घालतं का तिथे कुणी? चल, आधी घरात चल."

"नंतर येतो मावशी. आधी धाकटीकडे जातो."

जाळीवालीचे हात सैल पडले. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अर्जवालीकडे होय? जा बाबा. रक्ताचं नातं, तुला काय टाळता येतंय?"

कप्तान पुढे निघाला. अर्जवाली हे नाव त्याने आजवर ऐकलं नव्हतं. अर्ज मात्र त्याला पाठ होता.

त्याला इथवर आणलं होतं ते नर्सच्या फोनने. ही नर्स दर रविवारी स्कूटरवरून गावात यायची, म्हाताऱ्यांचे रक्तदाब बघायची. तिने आडपडदा ठेवला नाही. "तुमच्या बहिणीचा मोतीबिंदू पिकून कडक झालाय. आतला दाब वाढतोय. तीन वेळा ऑपरेशनची तारीख घेऊन दिली, तिन्ही वेळा आल्या नाहीत. गुरुवारी सकाळी शेवटची. त्यानंतर डॉक्टरसुद्धा हातच जोडतील. तुम्ही त्यांचे भाऊच ना?"

शेवटचा प्रश्न तिने सहजच विचारला होता. पण कप्तानाची त्या रात्री झोप गेली. आणि आज बुधवार होता.

दार उघडंच होतं. आत शिवणाचं मशीन चालत होतं.

"चपला बाहेर काढ, दादा," आतून आवाज आला.

"ओळखलंस?"

"बोटीवरचा माणूस जमिनीवरसुद्धा पाय फाकवून टाकतो. ये."

एकच खोली. पाण्याकडे खिडकी, खिडकीशी मशीन, मशीनशेजारी मिठाच्या कारखान्याच्या कापडी पिशव्यांचा ढीग. एके काळी गावातल्या प्रत्येक लग्नाचे कपडे हिच्या हातचे असत. आता ती पिशव्यांचे काठ शिवत होती. जीपवाला शनिवारी गठ्ठा पायरीवर टाकायचा, हॉर्न वाजवायचा आणि निघून जायचा. भिंतीवर एक जाड उशी टांगलेली, आणि तिच्यात वीसेक सुया टोचलेल्या, प्रत्येकीत दोरा ओवून ठेवलेला.

"एवढ्या सुया कशाला?"

"नर्स रविवारी ओवून देते. शनिवारपर्यंत पुरवते मी. मशीनची सुई बोटाने चाचपून ओवता येते, हातशिलाईची नाही येत."

"शेजारीण नाही देत ओवून?"

धाकटी हसली. तिने तोंड त्याच्याकडे वळवलं, पण नजर त्याच्या कानाच्या जरा पलीकडे गेली. बुबुळांवर दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं. छप्पन्न वर्षांची बाई, आणि चेहरा सत्तरीचा. कप्तानाने घाईघाईने खिडकीबाहेर पाहिलं. धक्का तिथेच होता. दोर बांधायचे खांब होते, प्रवाशांच्या निवाऱ्याचा सांगाडा होता. पाणी तर होतंच. त्याला कुठे जायचंय?

"ऊठ," तो म्हणाला. "चार कपडे भर. चारची बस आहे. उद्या ऑपरेशन, मग महिनाभर माझ्याकडे."

"नाही."

"अगं, आंधळी होशील!"

"होईन."

"हा कसला हट्ट? कुणाला दाखवायचंय?"

"दाखवायचंच आहे," धाकटी म्हणाली. तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "मी आज या गावातून गेले की उद्या हॉटेलात काय बोलतील, सांगू? गेली एकदाची. मनात पाप होतं म्हणूनच गेली. नऊ वर्षं मी नळावर सगळ्यांच्या शेवटी पाणी भरते. नऊ वर्षं मी पोचले की फाट्याला जाणारी जीप भरलेली असते. तरी मी जागची हलले नाही, कारण मी काही केलेलं नाही. हे मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे आणि देवाला ठाऊक आहे. देव बोलत नाही, त्याचं मी समजू शकते. तू का नाही बोललास?"

कप्तान गप्प बसला. गप्प बसण्याचा त्याला चांगला सराव होता.

"हॉटेलात जा. सगळे आत्ता तिथेच असतील, बोटीची वेळ झाली की अजून जमतात मूर्खासारखे. सगळ्यांच्या देखत सांग. मग मी एक शब्द न विचारता तुझ्यामागून येते. नाही सांगितलंस, तर चहा पी आणि चारची बस एकटाच गाठ."

आता काय सांगायचं होतं ते ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, म्हणून जरा मागे जायला हवं.

तेव्हा बोट दिवसाला दोन फेऱ्या करायची आणि माणसं कठड्याला लोंबकळायची. गावाने ठरवलं, तिसरी फेरी मागायची. धाकटीचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून अर्ज तिने लिहिला आणि सगळ्या गावाने सह्या केल्या. महिन्याभराने कचेरीची नोटीस आली. ती कप्तानाच्याच बोटीने आली, कप्तानाच्याच हाती पडली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: तीन दिवस एक अधिकारी बोटीवर बसून प्रवाशांची संख्या पाहतील. कप्तानाने ती घरी आणून धाकटीला दाखवली. ती टाळ्या पिटत म्हणाली, "दादा, माणसं मोजायला येतोय तो! सगळं गाव चढव बोटीवर. म्हाताऱ्या, पोरंबाळं, कोंबड्यासुद्धा!"

कप्तानाला राग आला. साहेब माझ्या बोटीवर येणार आणि मी त्याला कोंबड्यांत बसवू? माझी बोट म्हणजे काय गुरांचा बाजार? मोठ्या बंदरात मोठ्या बोटी होत्या, आणि त्यांतली एखादी आपल्याला मिळावी हे त्याच्या मनात कधीपासून होतं. "तुला शिवण कळतं तेवढं बघ," तो म्हणाला, आणि नोटीस सदऱ्याच्या खिशात घालून दारोदार सांगत सुटला: साहेब येतोय. तीन दिवस कुणी बोटीवर चढायचं नाही, धक्क्यावर टोपल्या ठेवायच्या नाहीत, गावाची शोभा झाली पाहिजे. माणसं मोजायची आहेत, हे त्याने कुणालाही सांगितलं नाही.

आणि गाव तरी किती गुणी! पाहुण्यासाठी जीव टाकणारी माणसं ती. बायकांनी फळ्या साबणाने घासल्या. दाढ दुखणाऱ्या एकाने तीन दिवस गालाला फडकं बांधून काढले, पण समोरच्या बंदरात दवाखान्यात गेला नाही. हॉटेलवाल्याने साहेबाला टेकायला आपल्या घरची उशी दिली. तीन दिवस, बारा खेपा, साहेब एकटाच त्या उशीला टेकून गेला आणि आला, आणि गाव दारांच्या फटींतून त्याचं सुख बघून धन्य झालं. जाताना त्याने कप्तानाचा हात हातात घेतला. "इतकी स्वच्छ बोट मी पाहिली नाही." अहवालातही तसंच लिहिलं: बोट उत्तम, कप्तान शिस्तीचा, प्रवासी कुणीही नाही.

दोन महिन्यांत बोट बंद झाली. कप्तानाला मोठ्या बंदरात मोठी बोट मिळाली. शेवटच्या दिवशी सगळं गाव धक्क्यावर जमलं, आणि हॉटेलवाला ओरडला, "हा साहेब आपल्या गावात आलाच कशामुळे?" कुणीतरी म्हणालं, अर्जामुळे. "आणि अर्ज कुणी लिहिला?" सह्या सगळ्यांच्या होत्या, पण अक्षर एकटीचं होतं. सगळी तोंडं धाकटीकडे वळली. धाकटीने भावाकडे पाहिलं. कप्तान हातात बॅग आणि खिशात नोटीस घेऊन बोटीच्या दारात उभा होता. त्याने घड्याळ पाहिलं आणि बोट वेळेवर सोडली.

कप्तान हॉटेलात पोचला तेव्हा सातआठ जण होते. त्याला बघताच बाकं सरकली, पाठीवर थापा पडल्या, कुणी त्याच्या केसांवरून थट्टा केली. हॉटेलवाला गल्ल्यामागून उठून आला. त्याच्या वयाचा, लहानपणी त्याच्याबरोबर याच धक्क्यावरून उड्या मारलेला माणूस.

"कप्तान! आमच्या पाण्याची आठवण आली म्हणायची! बस. ए जावईबापू, जरा सरका. हा माझा जावई, जीप चालवतो. चार वर्षं झाली याला इथे येऊन. कप्तान जीपमधून जाणार बरं का, पुढच्या सीटवर."

"मला बसायचं नाही," कप्तान म्हणाला. "मला सांगायचंय." आणि त्याने उभ्यानेच सांगितलं. खांद्यावरच्या बॅगेतून नोटीस काढून टेबलावर ठेवली. नऊ वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडून घड्यांवर फाटली होती, तरी प्रत्येक अक्षर वाचता येत होतं. धाकटी काय म्हणाली होती ते सांगितलं, आपण का ऐकलं नाही ते सांगितलं. मोठ्या बोटीची हावसुद्धा लपवली नाही. सांगून झाल्यावर छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं हलकं वाटलं.

हॉटेलवाल्याने चष्मा पुसला, नोटीस वाचली आणि होती तशी घडी घालून परत दिली.

"अर्ज नसता तर ही आली असती का?"

"अरे, पण अर्ज तुम्ही सगळ्यांनी..."

"ते राहू दे. अर्ज नसता तर आली असती का?"

तेवढ्यात जावई म्हणाला, "थांबा थांबा. म्हणजे तीन दिवस तुम्ही सगळे घरात बसलात? एकही जण बोटीवर चढला नाही?"

त्याने चेष्टेने विचारलं नव्हतं. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. पण बाकांवरची माणसं अशी चपापली, जशी कुणी त्यांच्या अंगावरची चादर ओढली. एक जण बशीत पडलेली माशी काढू लागला. दुसऱ्याला एकदम खोकला आला.

"तू गप रे," केव्हातरी येऊन दारात उभी राहिलेली जाळीवाली म्हणाली. "तू होतास का तेव्हा?"

"पाहुण्याला जागा करून दिली आम्ही," हॉटेलवाला म्हणाला. आवाज चढला होता. "हा काय गुन्हा झाला? वाईट मनाने केलं का कुणी? वाईट मन होतं ते कागद लिहिणारीचं. आहे त्यात समाधान नव्हतं बाईला. दोन फेऱ्या पुरत नव्हत्या, तिसरी हवी होती." मग तो कप्तानाकडे वळला आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, आणि ते खोटं नव्हतं, हेच वाईट. "कप्तान, मी ओळखतो तुला. बहिणीचं सगळं आपल्या अंगावर घ्यायला आलास तू. या वयात, एवढ्या लांबून! अरे, भाऊ असावा तर असा."

"अरे, मी खरं सांगतोय!"

"सांगणारच तू. तुझ्या आईने तुला तसंच वाढवलं."

बाकांवर माना हलल्या. कुणी म्हणालं, आजकाल असे भाऊ राहिले नाहीत. कप्तानाने एकेकाचं तोंड पाहिलं. एकाच्याही डोळ्यांत त्याच्याबद्दल राग नव्हता. तो शिव्या खायच्या तयारीने आला होता, आणि त्याला चहा मिळत होता.

परतीच्या पन्नास पावलांत त्याने ठरवलं. डोळे महत्त्वाचे. देवाला मी वरती गेल्यावर काय ते सांगेन.

"सांगितलं," तो दारातूनच म्हणाला. "भर कपडे."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. नोटीस दाखवली."

धाकटी उभी राहिली. मशीनची कड घट्ट धरून. "काय म्हणाले?"

"म्हणाले, चूक झाली आमची."

"कोण म्हणालं?"

"सगळेच."

"हॉटेलवाला?"

"तोसुद्धा."

साय धरलेल्या डोळ्यांतून पाणी खाली आलं, ते तिने पुसलं नाही. कप्तानाला वाटलं, जमलं. आणि तेवढ्यात पायरी वाजली. हातात थर्मास घेऊन हॉटेलवाला दारात उभा होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"कप्तान, चहा न घेता आलास. मनाला लागलं माझ्या." मग तो धाकटीकडे बघून म्हणाला, आणि दरडावून नव्हे, समजावून म्हणाला, "बघ, कसा भाऊ दिलाय देवाने. तुझं पाप आपल्या डोक्यावर घेतो म्हणतोय, तेही सगळ्या गावासमोर. आम्ही काही ऐकलं नाही त्याचं. पण तू तरी जाण ठेव."

मग धाकटी हसायला लागली. आधी बारीक, मग मोठ्याने, मग पोट धरून. हॉटेलवाला गोंधळून कप्तानाकडे बघू लागला. कप्तान जमिनीकडे बघत होता.

"ठेवा थर्मास," ती श्वास घेत म्हणाली. "नऊ वर्षांनी आलात माझ्या घरी, उभ्याउभ्या जाऊ नका. कपात घ्या, दोघे मित्र बसून प्या."

पण हॉटेलवाला बसला नाही. थर्मास पायरीवर ठेवून तो गेला.

धाकटीने पलंगाखालून पिशवी ओढली. हाताने चाचपत दोन साड्या घातल्या, टॉवेल घातला, नर्सने दिलेले कागद घातले.

"येतेस?" कप्तानाने विचारलं. त्याचा विश्वास बसेना.

"मला वाटायचं, तू बोलावंस एवढ्यासाठीच मी थांबलेय. आज कळलं, त्यांनी ऐकावं म्हणूनही थांबले होते. तू बोललास. ते काही जन्मात ऐकायचे नाहीत. मग कुणासाठी डोळे घालवू?"

"मी खोटं बोललो ते..."

"ते ऐकलं मी."

"डोळे बरे झाले की माझ्याकडेच राहा, धाकटे. आता काय राहिलंय या गावात?"

"नाही." तिने पिशवीची गाठ मारली. "बरे झाले की इथेच येणार. इतकी वर्षं नळावर माझ्याकडे फिरवलेल्या पाठी नुसत्या धुरकट दिसतायत. मला त्या नीट बघायच्यात. कुणाची कुठली, ते कळलं पाहिजे."

"आणि मी?" त्याने विचारलं आणि लगेच पस्तावला.

"तुझंही तोंड बघेन. घाई काय आहे?"

त्यांनी दार ओढून घेतलं. हॉटेलापाशी जीप उभी होती आणि जावई इंजिन पुसत होता. त्याने मागचं दार उघडून धरलं. धाकटी त्या आवाजाला थांबली. तेवढ्यात आतून सासऱ्याने हाक मारली, आणि जावयाने खाली मान घालून दार परत लावलं.

"भरली असेल," धाकटी म्हणाली. "चल."

गावाच्या पाठीमागून ती पुढे चालत होती, एक तळहात भिंतींवरून फिरवत, मोऱ्या अचूक ओलांडत. कप्तानाचा पाय दोनदा पाण्यात गेला, तिचा नाही. त्याने हात पुढे केला, तो तिला दिसला नाही, किंवा दिसला. शेवटची भिंत संपली तिथे ती थांबली. पुढे उघडा रस्ता होता, पाच किलोमीटर. तिने हात मागे केला, हवेत चाचपला आणि त्याच्या खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा धरला. त्याचा हात तिथेच, दोन बोटांवर होता.

"हळू चाल," ती म्हणाली. "आणि बोलू नकोस."